सरळ फुटणाऱ्यांचा इतिहास

मध्यमवर्गीय घरात वस्तू फुटण्याला इतिहास असतो, शास्त्र नसते. कपबशी फुटली की पहिला प्रश्न 'कोणी फोडली?' दुसरा प्रश्न 'कशी फुटली?' त्याचे उत्तर 'आपोआप' असे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असल्यामुळे ते ऐकायला कोणी थांबत नाही. 'इथेच का फुटली, दोन बोटे पलीकडे का नाही?' हा तिसरा प्रश्न मात्र आमच्या घराण्यात कोणी विचारल्याची नोंद नाही. तुकडे केरसुणीने सुपलीत जातात, सुपलीतून डब्यात जातात आणि दोन दिवस घरात चपला घालून हिंडण्याचा हुकूम निघतो. लग्नात आलेला सहा कपांचा सेट पाचांचा होतो. त्यानंतर पाच पाहुणे आले की यजमान 'माझा आत्ताच झाला' असे म्हणायला शिकतात.

हा तिसरा प्रश्न एका माणसाने विचारला, तोही वस्तूचा मालक समोर उभा असताना विचारला, आणि त्यातून एक अख्खे शास्त्र उभे राहिले. हे पॅरिसमध्ये घडले, इथवर ठीक आहे. पॅरिसमध्ये काहीही घडते. पण त्या गोष्टीचे दुसरे टोक आमच्या अंधेरी-कांदिवलीच्या टेकड्यांत सापडते, हे जरा निवांत सांगण्यासारखे आहे.

मला हे सगळे कळले ते आमच्या सोसायटीतल्या सरांमुळे. सर भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले. बाकीच्यांच्या शोकेसमध्ये काश्मीरचा शिकारा, संगमरवरी ताजमहाल आणि चिरंजीवांनी तिसरीत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मिळवलेला कप असतो. सरांच्या शोकेसमध्ये दगड आहेत. त्यांच्याकडे कामाला आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी 'हे टाकायचे ना?' असे विचारले होते म्हणतात. त्या दगडांत एक हिरवट झाक असलेला, काचेसारखा चौकोनी खडा आहे. त्याचे नाव ॲपोफायलाइट. मी तो जपून दोन्ही हातांत धरला तेव्हा सर म्हणाले, "घाबरू नका हो. फुटला तरी सरळ फुटेल."

फुटूनही सरळ राहणारी वस्तू मी तरी पाहिली नव्हती. माणसे तर उलट सरळ वागता वागता फुटलेली पाहिली होती. सर म्हणाले, "खनिजाच्या या गुणाला पाटन म्हणतात."

आमच्याबरोबर तळमजल्यावरचे गृहस्थ आले होते. ते लगेच म्हणाले, "पाटण ना? कोयनेच्या अलीकडे. आमच्या मेव्हण्याची बदली झाली होती तिथे. पाऊस फार."

"पाटण नव्हे, पाटन," सर शांतपणे म्हणाले. चाळीस वर्षे पोरांना शिकवलेला माणूस. "नळाचा न. बाणाचा ण नाही."

तर पाटन म्हणजे काय? एखाद्या खनिजाच्या स्फटिकाला ठोकला, तर तो वेडावाकडा न फुटता काही ठराविक दिशांनीच, सपाट पृष्ठ ठेवून फुटतो. त्या तुकड्याला पुन्हा ठोकला तरी तो पहिल्या पृष्ठाला समांतर असाच फुटतो. तिसऱ्यांदा ठोकला तरी तेच. तुकडा लहान होत जातो, पण शिस्त मोडत नाही. सर्व खनिजांना हा गुण सारखा नसतो. कोणाला एकाच दिशेने आहे, कोणाला तीन, कोणाला चार, आणि कोणाला मुळीच नाही.

याची उदाहरणे शोधायला डोंगरावर जायला नको, हे सरांनी आमच्याच घरी येऊन दाखवून दिले. उपासाचे शेंदेलोण घ्या. त्याचा स्वच्छ खडा सुरीच्या पात्याने हलकेच फोडला तर काटकोनातच फुटतो. घनाचे छोटे घन होतात. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत पिकलेल्या खड्या मिठाचीही तीच जात. तीन दिशा, तिन्ही एकमेकींशी काटकोनात. जुन्या विजेच्या इस्त्रीच्या पोटात अभ्रकाचे पान असे. त्याचा नखाने पापुद्रा काढावा, त्या पापुद्र्याचा आणखी पापुद्रा काढावा. आपले नख थकते, अभ्रक थकत नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या पातळ पानातही सुमारे एक लाख थर असतात. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. आपण लिहितो म्हणजे त्याचे थर कागदावर सांडत जातो. अंगाला लावायच्या पावडरीत संगजिरे असते. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ती बोटांना गुळगुळीत लागते. आमच्या सौभाग्यवतींनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, म्हणजे सकाळपासून आम्ही पाटनच वापरतोय म्हणा की!" सरांना इतकी हुशार विद्यार्थिनी चाळीस वर्षांत मिळाली नसावी. ते चहाला थांबले.

आणि ज्याला पाटन अजिबात नाही त्याचे उदाहरण म्हणजे आपली गारगोटी. तिला सर्व बाजूंनी सारखीच घट्ट वीण असते. फुटते तेव्हा काच फुटावी तशी, शिंपल्यासारखे गोल खळगे पाडत फुटते. कुठून फुटेल हे तिचे तिलाच ठाऊक नसते.

आता पॅरिसची गोष्ट. रने-झ्युस्त आउई या नावाचा एक पाद्री होता. हे नाव नीट उच्चारले तर पायाला ठेच लागल्यासारखे ऐकू येते, आणि पुढे जे घडले ते पाहता ते योग्यच वाटते. जन्म १७४३ चा, एका गरीब विणकराच्या घरचा. पॅरिसच्या एका कॉलेजात तो शिकवत असे आणि फावल्या वेळात फुले गोळा करत असे. फुलांचा नाद असलेल्या या माणसाला एक गोष्ट खुपली. एका जातीच्या फुलाचे रूप कुठेही गेले तरी तेच. मग कॅल्साइटसारखे एकच खनिज शेकडो निरनिराळ्या आकारांचे स्फटिक का धरते? कुठे सहा बाजूंचा खांब, कुठे कुत्र्याच्या सुळ्यासारखे टोक, कुठे तिरका चौकोनी ठोकळा. घटक तेच आणि रूपे शेकडो! हा काय गणपतीचा बाजार आहे?

एकदा तो एका संग्राहक मित्राकडे खनिजे पाहायला गेला. तिथे त्याच्या हातून कॅल्साइटचा एक सुंदर नमुना खाली पडला आणि त्यातला एक खांब फुटला. ही हकीगत आउईच्या मृत्यूनंतर क्युव्हिए या मोठ्या शास्त्रज्ञाने सांगितलेली आहे. माझ्या मते या गोष्टीतला खरा थोर पुरुष म्हणजे तो मित्र. त्याने तोंड वाकडे केले नाही, वर तो फुटलेला तुकडा आउईला देऊन टाकला. आपल्याकडे अशा वेळी 'राहू द्या हो, वस्तूच ती' असे म्हणतात आणि नंतर तीस वर्षे ती वस्तू आठवतात.

आउईने तो तुकडा पाहिला. खांब सहा बाजूंचा होता, पण फुटलेल्या जागी जी पृष्ठे उघडी पडली होती ती खांबाची नव्हती. ती होती तिरक्या ठोकळ्याची. तोच ७५ आणि १०५ अंशांच्या आसपासचा कोन. म्हणजे खांबाच्या पोटात ठोकळा बसला होता! तो घरी गेला आणि त्याने आपल्या संग्रहातले कॅल्साइटचे निरनिराळ्या आकारांचे स्फटिक काढून एकामागून एक फोडले. सुळ्याच्या आतही ठोकळा, खांबाच्या आतही ठोकळा. स्वतःच्या शोकेसमधल्या वस्तू शास्त्रासाठी हातोडीने फोडणारा माणूस लग्न झालेला नसणार, हे मी तो पाद्री असल्याचे कळण्याआधीच ओळखले होते.

स्वीडनच्या बर्गमान या रसायनशास्त्रज्ञाला काही वर्षे आधी अशीच शंका आली होती. पण ती धसास लावली आउईने. १७८४ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याचे म्हणणे असे: प्रत्येक खनिजाची एक अतिसूक्ष्म वीट असते. फोडत फोडत गेलो तर शेवटी ती वीट मिळेल. त्याच विटा निरनिराळ्या पद्धतीने रचल्या की निरनिराळे आकार होतात. दर थराला विटांची एक ओळ कमी केली की उतार तयार होतो. जसे नदीचा घाट दुरून पाहिला तर उतरणीसारखा दिसतो, पायऱ्या जवळ गेल्यावर कळतात. विटा इतक्या बारीक की स्फटिकाच्या पायऱ्या आपल्याला कधीच दिसत नाहीत.

या विषयातला त्या वेळचा बुजुर्ग रोमे द लील याला हे मुळीच पटले नाही. त्याने आउईला 'स्फटिकफोड्या' अशा अर्थाची पदवी दिली. शास्त्रज्ञांच्या भांडणातही अखेर 'कोणी फोडली?' हाच प्रश्न येतो, हे पाहून मला बरे वाटले.

पुढे १७९२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत आउईला पाद्री म्हणून पकडले. शिपायांनी घराची झडती घेऊन स्फटिक अस्ताव्यस्त केले. या गृहस्थाने तुरुंगात आपले खण मागवून घेतले आणि स्फटिक लावत बसला. जॉफ्रवा सेंतिलेर या तरुण सहकाऱ्याने खटपट करून सुटकेचा हुकूम आणला, तर हा म्हणाला, आज उशीर झाला, उद्या सकाळी निघतो. सकाळी त्याला जवळजवळ ओढूनच बाहेर काढावे लागले असे सांगतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसच्या तुरुंगांतून कैद्यांच्या कत्तली झाल्या. एका रात्रीच्या आवराआवरीसाठी जीव टांगणीला लावणारा हा माणूस १८२२ पर्यंत जगला आणि शेवटी खोलीत पडून मांडीचे हाड मोडल्याने गेला. एका पडण्याने नाव मिळाले, दुसऱ्या पडण्याने आयुष्य संपले. त्याच्याच धाकट्या भावाने, व्हॅलंताँ आउईने, पॅरिसमध्ये अंधांसाठी शाळा काढली आणि त्या शाळेत पुढे लुई ब्रेल शिकला. एक भाऊ फुटलेले पाहायला शिकवणारा, दुसरा न पाहता वाचायला शिकवणारा. काही घरांवर देवाची मेहेरनजरच असते.

आउईच्या विटा मात्र पुढे टिकल्या नाहीत. फ्लोराइट नावाचे खनिज चार दिशांनी फुटते आणि त्याचे आठ बाजूंचे तुकडे होतात. अशा तुकड्यांची भिंत रचायला घेतली तर मध्ये भोके राहतात, आणि भोकांची भिंत ही फक्त काही कंत्राटदारांनाच मान्य असते. खरे उत्तर मिळायला १९१२ साल उजाडले. म्युनिकमध्ये फोन लाउए याच्या कल्पनेवरून त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण एका स्फटिकातून पाठवले आणि मागे ठेवलेल्या फोटोच्या काचेवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. तो स्फटिक कशाचा होता? मोरचुदाचा. आमच्या आजीच्या औषधाच्या डब्यात मोरचूद असे, पण त्यातून क्ष-किरण पाठवायचे तिला सुचले नाही. लगोलग इंग्लंडमधल्या ब्रॅग पिता-पुत्रांनी अशा ठिपक्यांवरून अणू कुठे कुठे बसले आहेत हे काढण्याची रीत बसवली. मिठाची रचना ही त्यांच्या पहिल्या उत्तरांपैकी. १९१५ साली बापलेकांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. लेकाचे वय होते २५. आमच्याकडे पंचविशीत बापलेकांची नावे एकत्र येतात ती रेशनकार्डावर.

आणि मग पाटनाचे कोडे सुटले. स्फटिकात विटा नसतात, अणूंच्या रांगा असतात. त्या रांगा थराथराने रचलेल्या असतात. अणू-अणूंमधले बंध सर्व दिशांना सारखे नसतात. थरातल्या थरात घट्ट, पण दोन थरांच्या मध्ये ढिले किंवा संख्येने कमी. तडा हा फार व्यवहारी प्राणी आहे. ज्या पातळीवर सर्वांत कमी बंध तोडावे लागतील, तिथूनच तो निघतो, आणि ती पातळी स्फटिकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट असते म्हणून फुटलेले पृष्ठही सपाट येते. अभ्रकात थर मजबूत, पण दोन थरांना जोडणारे पोटॅशियमचे अणू बिचारे नावापुरते. मिठात सोडियम आणि क्लोरिन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक बसलेले असतात. विरुद्ध भार असल्यामुळे एकमेकांना धरून असतात. पण धक्क्याने एक थर एक घर सरकला की सोडियमसमोर सोडियम येतो. हे म्हणजे एकाच सोसायटीच्या दोन माजी सेक्रेटरींना समोरासमोर बसवणे. फुटणारच, आणि अगदी सरळ फुटणार.

हिऱ्याचेही तेच. सर्वांत कठीण म्हणून त्याचा लौकिक, आणि अस्सल हिरा घणाखालीही फुटत नाही असा समज आपल्याकडे आहे आणि रोमन लोकांतही होता. त्या समजापायी किती अस्सल हिऱ्यांचा चुरा झाला असेल देव जाणे. ओरखडा न उठणे निराळे आणि न फुटणे निराळे. हिऱ्याला चार दिशांनी पाटन आहे. दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या योसेफ ॲशरने फोडला तेव्हा पहिल्या ठोक्याला पातेच मोडले आणि हिरा जागच्या जागी राहिला असे सांगतात. दुसऱ्या खेपेला मात्र तो हव्या त्या जागी दुभंगला. आता हे काम बहुतेक लेसर करतो. लेसरला घाम फुटत नाही.

आता सरांच्या त्या हिरवट खड्याकडे येऊ. त्याला ॲपोफायलाइट हे नाव १८०६ मध्ये दिले ते आपल्या आउईनेच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण 'पाने झाडणारा'. तापवला की त्याचे पान पान सुटे होते. त्याला एका दिशेने अत्यंत सुरेख पाटन आहे आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते. त्या झाकेवरून त्याचे आधीचे एक नाव होते 'माशाच्या डोळ्याचा दगड'. वर्सोव्याच्या बाजारात पापलेटाचा डोळा उलटसुलट पाहून घेणाऱ्यांना हे नाव जास्त पटेल.

आणि तापवून पाने सुटतात का हे पाहणे काही आउईपासून सुरू झालेले नाही. आपल्या रसवैद्यांनी अभ्रकाची हीच परीक्षा केव्हाची घेतली होती. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत अभ्रकाचे चार प्रकार दिले आहेत. विस्तवावर टाकले की ज्याची पाने सुटतात तो पिनाक, फूत्कार करतो तो नाग, बेडकासारखा उडतो तो मंडूक, आणि ज्याला काहीच होत नाही तो वज्र. औषधाला तेवढाच घ्यावा. सासुरवाडीची माणसेही विस्तवाजवळ नेल्यावर याच चार प्रकारांत मोडतात, असे तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवती तिथे नव्हत्या.

ॲपोफायलाइट जगात अनेक ठिकाणी मिळते, पण देखण्या नमुन्यांसाठी संग्राहक ज्या मुलखाचे नाव घेतात तो आपला महाराष्ट्र. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर. याचे कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या सुमारास इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार झाले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले. इडलीला पडते तशी जाळी पडली. पुढे त्या पोकळ्यांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहिले आणि आतल्या भिंतींवर सावकाश स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट कुळातले आणि त्यांचे शेजारी ॲपोफायलाइट व कॅल्साइट. बाहेरून काळा कुळकुळीत दगड, आत दिवाळी. १८३१ मध्ये ब्रुक नावाच्या इंग्रजाने पुण्याकडच्या एका खनिजाला 'पूनालाइट' असे खास नाव दिले होते. नंतर ते आधीच माहीत असलेल्या खनिजाचेच रूप ठरले आणि नाव मागे पडले. पुण्याचा वेगळेपणाचा दावा फेटाळला गेल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला तेव्हा अशा खनिजांचे भांडार उघडे पडले आणि नमुने बोटीने विलायतेच्या संग्रहालयांत गेले.

आणि आमची उपनगरे? इथे तर आम्ही डोंगर फोडूनच राहायला आलो. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा करडा दगड यांनी पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, उभे राहिले. कांदिवली, मालाड भागात खाणी होत्या. दुपारी सुरुंग उडाला की फळीवरची पितळी भांडी एकदा किणकिणत आणि आजोबा कूस बदलत. त्या खाणींतून खडी निघाली, आणि खडीबरोबर हिरवट द्राक्षांच्या घोसासारखे प्रेहनाइट, पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखे ओकेनाइट, तबकड्या-तबकड्यांचे गायरोलाइट. परदेशी संग्रहांत 'कांदिवली, मुंबई' अशी चिठ्ठी लावलेले नमुने आजही मखमलीवर ठेवलेले असतात. कांदिवलीकराला मात्र कांदिवलीची कीर्ती विचाराल तर तो सकाळच्या फास्ट लोकलच्या गर्दीबद्दल बोलेल.

सर एरवी मवाळ, पण या ठिकाणी त्यांचा आवाज चढतो. "आपण अख्ख्या टेकड्या फोडल्या हो," ते म्हणतात, "आणि तुकड्याकडे बघितलं नाही. जाळीचा दगड बांधकामाला हलका, म्हणून तो आधी बाजूला फेकायचा. सगळं देणं त्यातच! परक्या माणसानं चार पैसे दिले तेव्हा आपल्याला कळलं की हे काहीतरी आहे." खाणी बंद झाल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या. एका इमारतीचे नाव 'हिल व्ह्यू' आहे. ज्या टेकडीचा हा व्ह्यू, ती टेकडी त्या इमारतीच्या पायात आहे. आता हे नमुने इथेच पाहायचे तर सिन्नरला 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे, तिथे जावे. शिर्डीला जाताना वाट वाकडी करण्याचे पुण्यही लागते.

तरी तुकडा पाहणारी माणसे इथे मुळीच नव्हती असे नाही. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या इंग्रज संशोधकाला कांदिवलीच्या आसपास अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. अशी धारदार हत्यारे गारगोटीच्या कुळातल्या दगडांची करीत, आणि ते का, हे आता आपल्याला सांगता येईल. ज्याला पाटन नाही त्याला आपण म्हणू तशी धार काढता येते. पाटन असलेला दगड स्वतःच्या मर्जीने फुटतो. आउईच्या आधी हजारो वर्षे कांदिवलीच्या त्या अनामिक गृहस्थाने तिसरा प्रश्न विचारला होता. फक्त पुस्तक काढायचे राहिले.

कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी इथल्या लेणी कोरणाऱ्यांनाही हे कळत असले पाहिजे. आपल्या काळ्या दगडात असंख्य बारीक स्फटिक असतात. त्यातल्या प्रत्येकाला आपापले पाटन आहे, पण सगळ्यांची तोंडे दहा दिशांना. त्यामुळे एकाचा तडा दुसऱ्यापाशी अडतो आणि सबंध दगडाला कुठल्याच बाजूला सरळ फुटण्याची ओढ राहत नाही. छिन्नी नेईल तिकडे तो जातो. पाटा-वरवंटाही याच दगडाचा. 'पाट्याला टाकीऽऽ' अशी हाक देत वाडीतून जाणारी बाई टाकीचा एकेक ठोका मारून पाट्याला देवीच्या व्रणांसारखे टिंब देत असे. पाट्याचा कधी पापुद्रा निघाला नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचेही असेच आहे. प्रत्येक सभासद आतून फुटलेला असतो, पण दिशा निरनिराळ्या असल्यामुळे सोसायटी टिकते.

मागच्या हिवाळ्यात सरांनी आम्हा दोघांना अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलवर नेले. काळ्या बेसॉल्टची सुमारे २०० फूट उंच, जवळजवळ उभी भिंत, वर गावदेवीचे आणि दुर्गामातेचे देऊळ, खाली चारी बाजूंनी घरे अगदी कडेला खेटलेली. कड्यावर उभेच्या उभे खांब स्पष्ट दिसतात, जणू कोणी उदबत्त्यांचा पुडा उभा करून ठेवला आहे.

"एवढं सरळ फुटलंय म्हणजे हे पाटनच," तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. नळाचा न त्यांनी मुद्दाम ठासून उच्चारला.

"नव्हे," सर म्हणाले. "पाटन अणूंच्या रचनेचं. ह्या नुसत्या भेगा. लाव्हा थिजताना आकसला, आकसताना तडकला. उन्हाळ्यात तळ्यातला चिखल तडकतो ना, तसा. तडे वरून खाली उतरत गेले आणि खांब झाले. एक सरळपणा आतल्या घडणीचा, एक परिस्थितीचा. दुरून दोन्ही सारखेच दिसतात."

अमेरिकेत वायोमिंगमध्ये अशाच खांबांचा एक सुळका आहे, डेव्हिल्स टॉवर. त्याला त्यांनी १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारक केले. आमच्या टेकडीला १९५२ मध्ये संरक्षण मिळाले, २००७ मध्ये महापालिकेने तिला वारसा म्हणून दुसऱ्या श्रेणीत घातले. दरम्यान तिच्या कडा दगडासाठी तोडून झाल्या होत्या. जे उरले आहे ते बहुधा वर देवी आहे म्हणून उरले आहे. शास्त्राने जे राखले नाही ते नवसाने राखले.

पायऱ्या चढून आम्ही देवळापाशी टेकलो. वारा बरा होता. तळमजल्यावरचे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, कोयनेकडचे डोंगर कसले हो?"

"ह्याच लाव्ह्याचे. हाच दगड."

"त्यातही पोकळ्या? आणि आत ते खडे?"

"असू शकतात. शोधले तर मिळतील."

"म्हणजे," गृहस्थ उठून उभे राहिले, "पाटणलाही पाटन आहे!"

सरांनी त्यांच्याकडे पाहिले. चाळीस वर्षे वर्गात ज्या उत्तराची वाट पाहावी, ते निवृत्तीनंतर तळमजल्यावरून यावे! "आहे," सर म्हणाले. "मेव्हण्यांना कळवा."